सही नाही म्हणून सौदाच नाही? सरकी पेंडीच्या ५ गाड्यांचा वांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमनेर भागातल्या एका पशुखाद्य विक्रेत्याने जूनच्या सुरुवातीला दलालामार्फत बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तेल मिलशी सरकी पेंडीच्या ५ गाड्यांचा सौदा केला. गाडीमागे २०० क्विंटल, भाव क्विंटलला ३,१०० रुपये एक्स-मिल, म्हणजे ट्रकभाडं खरेदीदाराचं. गाडी पोचल्यापासून ७ दिवसांत पैसे, सगळा माल ३० जूनच्या आत. कागद केला नाही. सगळं फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. पहिली गाडी आली, पैसे गेले. दुसरी १२ जूनला आली, आणि चार दिवसांनी तिच्यातल्या १५० पोत्यांत बुरशी सापडली. १८ जूनला मिलच्या मॅनेजरचा मेसेज आला, ‘भाव ३,५५० झालाय, जुन्या भावात जमणार नाही.’ उरलेल्या ३ गाड्या आल्याच नाहीत. चिडून विक्रेत्याने दुसऱ्या गाडीचे सगळे ६,२०,००० रुपये अडवून ठेवले. आता मिलच्या वकिलाची नोटीस आली आहे: पैसे व्याजासह भरा, आणि उरलेल्या मालाचं म्हणाल तर सही-शिक्क्याचा करार कधी झालाच नव्हता. विक्रेता म्हणतो, मला संगमनेरात ३,९०० ने पेंड घ्यावी लागली, माझंच ४,८०,००० चं नुकसान झालं. मी उलट दावा ठोकू का?

सौदा झाला होता, याबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही मांडलेला हिशोब कोर्टात टिकणार नाही. नोटिशीला उत्तर देण्याआधी तो दुरुस्त करा, कारण अशा प्रकरणांत ‘करार झाला की नाही’ यावर भांडण रंगतं आणि निकाल मात्र आकड्यावर लागतो.

आधी सहीचा मुद्दा संपवू. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ५ प्रमाणे मालाच्या विक्रीचा करार लेखी होऊ शकतो, तोंडी होऊ शकतो, थोडा लेखी थोडा तोंडी होऊ शकतो, आणि दोन्ही पक्षांच्या वागण्यावरूनही ठरू शकतो. मोबाइलवर ठरला एवढ्याच कारणाने करार कच्चा ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त ॲल्युमिनियम या प्रकरणात नेमकं हेच तपासलं. बॉक्साइटच्या ५ जहाजांचा सौदा ईमेलवर ठरला होता, सविस्तर करारपत्रावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या, आणि खरेदीदार म्हणत होता की सौदा पक्का झालाच नाही. न्यायालयाने म्हटलं, मुख्य अटींवर एकमत झालं की करार झाला. मागाहून व्हायचा कागद झाला नाही म्हणून तो पुसला जात नाही.

तुमच्या मेसेजमध्ये एक जागा मात्र नीट वाचण्यासारखी आहे. तुम्ही लिहिलंत, ‘३,१०० ने ५ गाड्या द्या.’ मॅनेजरने उत्तर दिलं, ‘३,१०० चालेल, पण पेमेंट गाडीमागे ७ दिवसांत, उचल ३० च्या आत.’ तुम्ही याला त्याची मान्यता समजता. कायद्याने ती मान्यता नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार मान्यता बिनशर्त हवी. नवी अट जोडली की तो नवा प्रस्ताव होतो. म्हणजे प्रस्ताव मिलचा, आणि तो मान्य केलात तुम्ही: आधी अंगठ्याची खूण (👍) पाठवून, मग दुसऱ्या दिवशी ‘लोडिंग सुरू करा’ लिहून. याचा फटका कुठे बसतो ते पुढे सांगतो.

अंगठ्याची खूण पुरेशी आहे का, असंही तुम्ही विचारलंय. कॅनडातल्या सॅस्कॅचेवानमध्ये २०२३ साली हाच वाद निकाली निघाला, आणि तोही शेतमालाचा. जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला होता, त्याने अंगठा पाठवला, भाव चढल्यावर माल दिला नाही. करार मिळाला एवढंच सांगायचं होतं, असं तो म्हणाला. न्यायालयाने जुने व्यवहार पाहिले. यापूर्वी तो ‘ओके’, ‘यप’ असं एका शब्दात कळवून माल देत आला होता. ८२,००० कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई बसली आणि अपिलातही ती टिकली. आपल्या कोर्टाला तो निकाल बंधनकारक नाही, पण रीत उपयोगी आहे. गेल्या वर्षभरात याच मिलबरोबरचे तुमचे सौदे कसे पक्के झाले, ते मेसेज काढून ठेवा. तसं पाहिलं तर तुम्हाला अंगठ्याची फारशी गरजही नाही. ३,१०० या भावाने दोन गाड्या आल्या, बिलं फाटली, एकीचे पैसे मिलने घेतले. करार नव्हता तर तो भाव आला कुठून? मिलला फार तर म्हणता येईल की प्रत्येक गाडी हा वेगळा सौदा होता. त्याला उत्तर म्हणजे तुमच्या मेसेजमधला ‘५ गाड्या’ आणि मॅनेजरचं ‘उचल ३० च्या आत’.

भाव वाढला हे काही कारण होत नाही. लष्कराला तूप पुरवण्याच्या कंत्राटात महागाई झाली म्हणून जादा दर मागणाऱ्या आलोपी परशाद यांना सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगितलं होतं की करार अंगावर महाग पडायला लागला म्हणून तो सुटत नाही. उद्या मिल ‘सरकीची आवक नव्हती’ म्हणेल, तर त्याच आठवड्यात तिने दुसऱ्या कुणाला ३,५५० ने पेंड दिली का, एवढं दलालाकडून कळलं तरी पुरे.

मिलचा खरा धोकादायक बचाव वेगळा आहे, आणि तो नोटिशीत अजून आलेला नाही: ‘तुम्हीच आधी पैसे अडवले, म्हणून आम्ही गाड्या थांबवल्या.’ हप्त्याहप्त्याने माल आणि हप्त्याहप्त्याने पैसे असा सौदा असेल तर एका हप्त्यातल्या चुकीने अख्खा सौदा मोडता येतो की नाही, हे मालविक्री कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे त्या त्या परिस्थितीवर ठरतं. इथे तारखा तुमच्या बाजूने आहेत. दुसरी गाडी १२ ला आली, पैशांची मुदत १९ ला संपत होती, आणि मिलने नकार कळवला १८ ला, कारण दिलं भावाचं. तोवर तुमचे पैसे थकलेलेच नव्हते. नोटिशीच्या उत्तरात या तीन तारखा पहिल्या परिच्छेदात आल्या पाहिजेत. पुढे मिलने कितीही सुरस कथा रचली तरी तिला त्या ओलांडाव्या लागतील.

आता बुरशीच्या पोत्यांकडे येऊ. इथे तुमची बाजू निम्मी भक्कम आहे आणि निम्मी नाही. पेंड जनावरांच्या खाद्यासाठी घेतली जातेय हे मिलला माहीत होतं, म्हणून ती त्या कामाला योग्य असावी ही अट मालविक्री कायद्याच्याच कलम १६ मुळे न लिहिताही लागू होते. बुरशी आलेल्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष गाईच्या दुधात उतरतं, त्यामुळे तो माल खाद्य म्हणून बादच, यावर वाद घालणं मिललाही जड जाईल. पण तुम्ही ४०० पैकी २५० पोती विकून टाकलीत. खरेदीदाराने माल आपला समजून विकला की तो ‘स्वीकारला’ असं कलम ४२ म्हणतं, आणि एक भाग जरी स्वीकारला तरी, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, अट मोडली म्हणून माल परत करण्याचा हक्क कलम १३ मुळे सहसा उरत नाही. उरते ती भरपाई. म्हणून ‘गाडी नाकारली’ ही भाषा सोडा. कलम ५९ धरा: माल निकृष्ट निघाला, तेवढ्यापुरती किंमत कमी करून द्या. हा हक्क तुम्हाला मिलच्याच दाव्यात बचाव म्हणून वापरता येतो, स्वतंत्र दावा लावण्याची गरज नाही.

१५० पोती म्हणजे ७५ क्विंटल, ३,१०० ने २,३२,५०० रुपये. उरलेल्या २५० पोत्यांचे ३,८७,५०० रुपये तुमच्याकडे विनाकारण पडून आहेत. माल विकला, पैसे खिशात, आणि मिलचं बिल बाकी. कोणत्याही न्यायाधीशाला हे चित्र आवडत नाही.

त्या २,३२,५०० वरही एक प्रश्न लटकलेला आहे. बुरशी मिलमधूनच आली की रस्त्यात पाऊस लागून? एक्स-मिल सौद्यात मिलने माल ट्रकवाल्याच्या ताब्यात दिला की तो तुम्हाला दिल्यासारखा असतो, आणि वेगळं ठरलं नसेल तर पुढची जोखीम तुमची. जूनमधली गाडी, ताडपत्री फाटकी; मिल हे म्हणणारच. पण तुम्ही फोनवर एक गोष्ट सांगितलीत ती फार मोलाची आहे: वरच्या थराची पोती कोरडी होती, आणि खराब निघाली ती थप्पीच्या मधली, हात लावला तर गरम लागणारी, आतून गड्डे झालेली. पाऊस वरून आणि कडेने लागतो. मधली पोती आतून तापतात ती माल ओला भरल्याने. हे तुमच्या गोदामातल्या हमालांनी पाहिलंय, त्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. खराब पोत्यांतून चार-पाच आणि चांगल्यांतून एक-दोन नमुने पंचांसमक्ष काढून सील करा, ओलाव्याची आणि बुरशीची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या, आणि नमुने काढण्याआधी मिलला तारीख-वेळ कळवा. ती आली नाही तर तिचं दुर्दैव. ट्रकवाल्याला सुद्धा लेखी नोटीस द्या. मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात बुकिंगपासून १८० दिवसांत नोटीस दिलेली नसेल तर त्याच्यावर दावाच लावता येत नाही. पाऊस लागल्याचं उद्या सिद्ध झालं तर हाच एक दरवाजा उघडा राहील.

१७ तारखेला तुम्ही खराब पोत्यांचे फोटो मिलला मेसेजवर पाठवून हरकत घेतलीत हे फार बरं केलंत. मिल सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर ती साध्या कोर्टाऐवजी अशा उद्योगांच्या थकलेल्या येण्यांसाठी असलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाईल, आणि तिथे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पण माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तर पैसे देण्याचा काळ हरकत दूर होईपर्यंत मोजायला लागत नाही. नुसता फोन केला असतात तर ही सोय गेली असती.

आता न आलेल्या ३ गाड्या. तुमचा आकडा असा: संगमनेरात ३,९००, सौदा ३,१००, फरक ८००, गुणिले ६०० क्विंटल, ४,८०,०००. यातला संगमनेरचा भावच चुकीचा आहे. १९६१ मधला मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास हा निकाल मी अशा प्रत्येक अशिलाला वाचायला देतो. कॅनव्हासचा सौदा होता, माल कानपूरला रेल्वेत चढवून कलकत्त्याची पावती द्यायची होती. बुकिंग बंद झालं, माल गेला नाही. खरेदीदाराने कलकत्त्याच्या भावाने नुकसान मोजलं. न्यायालयाने विचारलं, माल द्यायचा कुठे होता? कानपूरला. मग करार मोडला त्या दिवशीचा कानपूरचा भाव काय? तो खरेदीदाराने सिद्धच केला नव्हता. करार मोडला हे शाबीत होऊनही हाती एक रुपया आला नाही.

तुमचा सौदा एक्स-मिल. म्हणजे बुलढाणा-अकोला भागातला मिलचा भाव पाहिजे. तुम्ही दिलेल्या ३,९०० मध्ये ट्रकभाडं आहे, संगमनेरच्या व्यापाऱ्याचा नफा आहे. मिलने माल दिला असता तरी भाडं तुम्हीच भरलं असतं. आणि भाव कोणत्या दिवशीचा? १८ ला मिलने नकार दिला, तेव्हा तुम्हाला दोन वाटा होत्या: सौदा मोडला असं समजून लगेच दुसरीकडे माल घ्यायचा, किंवा सौदा जिवंत ठेवून ३० तारखेची वाट पाहायची. १९ ला तुम्ही लिहिलंत, ‘५ गाड्यांचा सौदा आहे, माल पाठवा.’ म्हणजे तुम्ही दुसरी वाट धरलीत. तेव्हा ३० जूनचा भाव. तो सिद्ध करायला अकोला-खामगाव भागातल्या दुसऱ्या मिलांची त्या आठवड्यातली बिलं, दलालाची सौदा चिठ्ठी, त्या दिवशीचे छापील बाजारभाव, जे मिळेल ते गोळा करा. सरकी पेंडीचा वायदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारावर चालतो, त्याचे दर आधाराला लावता येतील. एकट्या वायद्याच्या भावावर मात्र विसंबू नका, हजर मालाचा भाव वेगळा असतो.

३० जूनचा भाव हाती येईपर्यंत मॅनेजरने स्वतःच लिहून दिलेला ३,५५० धरू. फरक ४५० गुणिले ६००, म्हणजे २,७०,०००. दूध उत्पादकांना दिलेला शब्द मोडला, गिऱ्हाईक तुटलं, हे नुकसान खरं असेलही. पण सौदा करताना मिलला त्याची कल्पना दिली होती असा एकही मेसेज तुमच्याकडे नाही, आणि करार कायद्याच्या कलम ७३ पुढे ते टिकत नाही. नोटिशीच्या उत्तरात तो आकडा घातलात तर बाकीचे आकडेही फुगवलेले वाटतील.

आता जमाखर्च पाहा. मिलचं येणं ६,२०,०००. त्यातून बुरशीचे २,३२,५०० वजा, न आलेल्या मालाचे २,७०,००० वजा. उरतात १,१७,५००, आणि ते तुम्ही मिलला द्यायचे आहेत. बुरशी रस्त्यातली ठरली तर देणं ३,५०,००० वर जाईल. ३० जूनचा भाव ३,५५० पेक्षा जास्त निघाला तर रुपयामागे ६०० रुपये तुमच्याकडे सरकतील. या हिशोबावर स्वतः होऊन दावा लावायला जाणं म्हणजे कोर्ट फी भरून स्वतःचं देणं शाबीत करून घेणं.

शिवाय दावा कुठे लावणार? इथे ती मेसेजची जागा परत येते. खामगावच्याच एका जिनिंग आणि तेल मिलचा खटला या विषयावरचा आधारस्तंभ आहे, आणि योगायोगाने माल सरकी पेंडच होता. १९५९ साली अहमदाबादच्या व्यापाऱ्याने ट्रंककॉलवर माल मागितला, खामगावहून होकार गेला, माल गेला नाही, ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादला लागला. मिल म्हणाली, होकार आम्ही खामगावला दिला, दावा खामगावला चालवा. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६५ मध्ये बहुमताने ठरलं की फोनवर होकार जिथे ऐकला जातो तिथे करार होतो, म्हणून अहमदाबादचा दावा बरोबर. न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत दिलं. करार कायद्याच्या कलम ४ चे शब्द पाहिले तर मला आजही त्यांचंच मत जास्त सरळ वाटतं, पण कायदा बहुमताचा. तो नियम तुमच्यावर उलटतो. तुमच्या सौद्यात होकार देणारे तुम्ही, आणि तो मिळाला मिलला. करार तिकडचा, माल द्यायची जागा तिकडची, प्रतिवादी तिकडचा, आणि बिलाच्या तळाशी तिथल्याच न्यायालयाची ओळ छापलेली. सौदा ठरल्यावर आलेल्या बिलातली ओळ करारात आपोआप शिरत नाही असा वाद घालता येईल, पण संगमनेरात दावा टिकवायला तेवढा पुरेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा मिलने दावा लावला तर तिथेच प्रतिदावा करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ६अ मध्ये नुकसानभरपाईचा प्रतिदावा बसतो. मात्र ३ वर्षांची मुदत तुमच्यासाठी ३० जूनपासून मोजत राहा, मिल गप्प बसली म्हणून तुम्ही बसू नका.

मिलचा आकडा ३ लाखांच्या वर आहे, त्यामुळे प्रकरण व्यापारी न्यायालयाचं होतं, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाटील ऑटोमेशन प्रकरणातल्या २०२२ च्या निकालापासून ही पायरी चुकवलेले दावे दारातच फेटाळले जातात. तिथे समन्स आलं तर टाळू नका. वरचा जमाखर्च मांडायला ती कोर्टापेक्षा चांगली जागा आहे.

फोनबद्दल एक सक्त सूचना. मेसेज आपोआप पुसायची सोय चालू असेल तर आज बंद करा, हँडसेट बदलू नका, दुरुस्तीला देऊ नका. कापलेले स्क्रीनशॉट नकोत. पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खा संवाद काढून ठेवा. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरण मालकानेच साक्षीत हजर केलं तर मात्र त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली या प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत, एक तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा.

नोटिशीचं उत्तर दोन पानांत बसवा. ५ गाड्यांचा सौदा, त्या तीन तारखा, १७ ची लेखी हरकत, ३० जूनपर्यंत न आलेला ६०० क्विंटल माल, आणि जमाखर्च. सोबत आमचे हक्क अबाधित ठेवून असं लिहून १,१७,५०० रुपये बँकेतून मिलच्या खात्यात भरा. तेवढ्या रकमेवरचं व्याज त्या दिवशी थांबेल आणि अडवून बसलेला खरेदीदार हे चित्रही बदलेल. ती १५० पोती पंचनामा होऊन अहवाल हाती येईपर्यंत गोदामातून हलवू नका. मिलला कळवा की माल इथे पडून आहे, पाहायचा असेल तर या तारखेपर्यंत पाहा, त्यानंतर खताला जाईल, आणि खताचे जे पैसे येतील ते जमेला धरू. दलालाला याच आठवड्यात भेटा. त्याला मिलशीही धंदा करायचाय, त्यामुळे महिन्याभराने त्याला काही आठवणार नाही. त्याच्या वहीतल्या २ जूनच्या पानाची प्रत आणि दलालीचं बिल आत्ताच घेऊन ठेवा.